भरलेली ट्रॉली, रिकामी ट्रॉली

युलिश, जर्मनी
रविवार, 7 डिसेंबर

ती. आप्पा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आप्पा, परवा तुम्ही म्हणालात, "तुझं फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं कळत नाही, एकदा लिहून पाठव." म्हणून बसले. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय.

आधी आईचे प्रश्न. दोन्ही वेळा जेवते, घरीच करून. तू दिलेली कांदा-लसूण चटणी अजून निम्मी आहे, म्हणजे जपून खाते, उपाशी राहते असा अर्थ काढू नकोस. लेझरने डोळे जात नाहीत. चष्मा चढवल्याशिवाय आम्ही त्या खोलीत पाऊलही टाकत नाही. तब्येत ठणठणीत. फोटोत गाल बसलेले दिसले ते उजेडामुळे. घरात थंडी मुळीच वाजत नाही.

हे शेवटचं पूर्ण खरं नाही. इथं घर गरम ठेवतात, आणि दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून ती ऊब बाहेर घालवतात! बाहेर शून्य असो नाहीतर उणे पाच. त्याला 'श्टोसल्युफ्टन' म्हणतात. हीटर बंद करायचा, समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, पाच-दहा मिनिटं कुडकुडत उभं राहायचं, मग सगळं परत लावायचं. खिडकी जराशी तिरकी करून ठेवलेली चालत नाही, त्यानं म्हणे भिंती गार पडतात आणि हवा काही बदलत नाही. माझ्या भाडेकरारात यावर अख्खं कलम आहे. कारण असं की इथली घरं डब्यासारखी घट्ट बंद असतात. आपला श्वास, अंघोळ, भाताची वाफ, सगळी ओल आतच राहते आणि थंड कोपऱ्यात बुरशी धरते. पहिल्या हिवाळ्यात मी आठ दिवस खिडकी उघडली नव्हती. घरमालकीण आजी आल्या, काचेवरून एक बोट फिरवलं, ओलं बोट माझ्यासमोर धरलं आणि काही न बोलता उभ्या राहिल्या. आपल्या आज्जीची आठवण झाली, ती पण अशीच धूळ दाखवायची. आता मी गजर लावून खिडक्या उघडते. हवेवर संशोधन करणाऱ्या मुलीला हवा कशी सोडायची ते शिकवावं लागलं, असं आजी शेजारणीला सांगतात.

आता काम. आप्पा, हवेत ओएच नावाचा एक रेणू असतो. ऑक्सिजनचा एक अणू, हायड्रोजनचा एक, बस. ऊन ओझोनला फोडतं, त्यातून सुटलेला ऑक्सिजन पाण्याच्या वाफेला भिडतो आणि हा तयार होतो. धूर, पेट्रोलची वाफ, जे समोर येईल त्याला चिकटतो आणि संपतो. स्वच्छ हवेत साधारण सेकंदभर टिकतो, शहराच्या हवेत सेकंदाचा दहावा भागही नाही. भर उन्हाळ्यात दुपारी बाराला चार-पाच लाख कोटी रेणूंमागे एखादा सापडतो. बाटलीत भरून आणावा म्हटलं तर वाटेतच संपतो, म्हणून आहे तिथंच मोजायचा. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून हवा जवळजवळ निर्वात डब्यात ओढायची, त्यावर 308 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर मारायचा. ओएच क्षणभर चमकतो, ती चमक मोजायची. पण डब्यात इतर उजेडही असतोच. मग लेझरची तरंगलांबी जराशी सरकवायची, म्हणजे ओएच चमकत नाही आणि नुसता फालतू उजेड मोजला जातो. पहिल्यातून दुसरा वजा. तुमच्या वजनकाट्यासारखंच: आधी भरलेली ट्रॉली, मग रिकामी, फरक म्हणजे ऊस.

इथंही गावातच साखर कारखाना आहे, बीटाचा. सध्या गाळप चालू आहे, गाड्यांची रांग असते. वारा फिरला की गोडसर उग्र वास येतो. आपल्या मळीसारखा नाही, पण मी सायकल थांबवते. बीटात साखर सतरा-अठरा टक्के असते, हे वाचून तुम्ही उताऱ्याचं विचारणार, म्हणून आधीच सांगितलं.

आता जे सांगायचं टाळत होते ते. सप्टेंबरात चांगलं ऊन होतं. वेळ वाचवायला मी रिकाम्या ट्रॉलीचं माप सकाळी एकदाच घेतलं आणि दिवसभर तेच वजा केलं. दुपारी त्या भोकातून ऊनही आत शिरत होतं, फालतू उजेड वाढत होता, आणि मी तो ओएच म्हणून मोजत होते. ओएच पण उन्हाबरोबरच वाढतो, त्यामुळे आलेख दिसायला झकास. सरांना शंका आली तोवर तीन आठवडे वाया गेले होते. चाकाला चिखल लागतो म्हणून दर खेपेला रिकामी ट्रॉली पुन्हा तोलावी लागते, हे तुम्ही मला मी दहावीत असताना काट्यावर दाखवलं होतं.

हिवाळ्यात ऊनच नाही, मोजणार काय? इथं सॅफिर नावाचा 270 घनमीटरचा टेफ्लॉनचा फुगा आहे, पॉलिहाउससारखा, त्याचं छत उघडलं की आत ऊन. तिथं आम्हाला मे महिना मिळालाय. तारखा अनेक गटांच्या मिळून ठरतात, बदलत नाहीत. म्हणून काम सहा महिने लांबलं. पगार चालू राहील, काळजी नको.

म्हणून दादाच्या लग्नाला मी हळदीच्या आदल्या दिवशी पोचेन आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवशी निघेन. साखरपुड्याला येणं जमणार नाही. वहिनीला मी वेगळा फोन करते. दादा रागावलाय, मला माहीत आहे.

आई, चंद्री विकल्याचं मला दादाकडून कळलं. मी दुधाचं विचारलं तेव्हा तू "चाललंय" म्हणालीस. म्हशीच्या रवंथातून मिथेन सुटतो आणि तो आमचा ओएचच संपवतो, असं मी इथं लोकांना चंद्रीचं नाव घेऊन सांगत होते, आणि ती गोठ्यात नव्हतीच. या महिन्यात 60 हजार पाठवलेत. 30 पतसंस्थेच्या हप्त्याचे, बाकी दुसऱ्या म्हशीच्या विसाराला. मांडवात घालू नका.

आत्याच्या स्थळाचं: फोटो पाहिला, मुलगा बरा दिसतो, पत्रिकेबद्दल मला काही म्हणायचं नाही. दिवाळीपर्यंत थांबायला सांगा. ते थांबणार नसतील तर नको थांबू देत.

तुमची,
सोनी

ता. क. आप्पा, तीन आठवड्यांचं आत्याला कळू देऊ नका. सरांनीच थांबवून घेतलं, एवढंच सांगा.