जेवणाची सुट्टी घेणारी पवनचक्की

नेरूळ, ७ जानेवारी

प्रिय बंड्या,

तू हसणार हे धरूनच लिहितोय. तुझ्या घरापासून तासाभरावर चाळकेवाडीच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या, त्या वाऱ्यावर फिरून वीज देतात. मी बागेत एक केलीय, ती वीज खाऊन फिरते. तुमच्याकडच्या ऐन पावसाळ्यात जोरात असतात, तेव्हा माझी माळ्यावर पडून होती. वाऱ्यानं ती हलत नाही, ऊन लागतं.

सामान फार नाही. ६ व्होल्ट, २ वॅटचं सोलर पॅनेल आणि पोरांच्या रोबोटमध्ये असते तसली पिवळी गिअरवाली मोटर, दोन्ही लॅमिंग्टन रोडवरून आणलं. बॅटरी मुद्दामच नाही लावली, ऊन गेलं की चक्कीनंही झोपावं. पाती १५ किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केली, आठ. आपल्या जत्रेतलं भिरभिरं असतं ना, अगदी तसं. बोट कापलं ते सांगत नाही.

पहिल्या दिवशी हलेचना. हातानं ढकललं की दोन गिरक्या, आणि दर वेळी तेच लाल पातं खाली येऊन थांबायचं. म्हणजे ते जड. समोरच्या पात्याला मागून एम-सीलची गोळी चिकटवली, चिमटीनं थोडी थोडी काढत गेलो. शेवटी वाटाण्याएवढी उरली तेव्हा कुठलंही पातं कुठंही थांबायला लागलं. मेच्या उन्हात मग अशी फिरली की चिमण्या आठवडाभर अंगणात आल्या नाहीत.

पावसाळा संपल्यावर पुन्हा उभी केली. दिवाळी झाली आणि नवंच सुरू झालं. रोज पाऊण वाजायच्या आसपास बंद, अर्ध्या तासानं आपोआप चालू. मोटर तापत असेल म्हणून बदलली. सोल्डर पुन्हा केलं. फरक शून्य. ही म्हणाली, "तिला जेवायची वेळ कळते, तुम्हाला कळत नाही."

शेवटी एक दिवस ताट घेऊन तिच्यासमोरच बसलो. कपडे वाळत घालायचा पाइप आहे ना, दक्षिणेला चार फुटांवर, त्याची सावली हळूहळू सरकत पॅनेलच्या कडेवर चढली. दोन पट्ट्या झाकल्या, बास, चक्की थांबली. बाकी पॅनेल लख्ख उन्हात! त्यात अशा अर्ध्या-अर्ध्या व्होल्टच्या बारा पट्ट्या एकामागे एक जोडलेल्या असतात. स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात, त्यात एक गडी बिडी ओढत उभा राहिला की सगळी रांग अडते, तसंच. मेमध्ये सूर्य डोक्यावर, पाइपची सावली पाइपाच्याच पायाशी. आता तो दक्षिणेला कललाय. आणि इकडे या दिवसांत सूर्य बरोबर दक्षिणेला येतो तो बाराला नाही, पाऊण वाजण्याच्या सुमाराला. मी मात्र नव्या मोटरीचे पैसे घालवले.

पॅनेल हातभर सरकवलं की काम झालं. पण हिनं हात लावू दिला नाही. चक्की थांबली की ही तवा ठेवते. फेब्रुवारीत सावली आखडेल, मग जेवण कधी मिळणार कोण जाणे. त्याआधी ये, आणि येताना कंदी पेढे आण.

तुझा,
बाळ्या