चिलेंतोचे हट्टी वृद्ध

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

नव्वदी ओलांडूनही काकू गाव सोडून ठाण्याला यायला तयार नाहीत, दिवसभर परसात राबतात आणि कोणाचे ऐकत नाहीत, ही तुझी तक्रार वाचताना मला दक्षिण इटलीतील चिलेंतोचे वृद्ध आठवले. सालेर्नो प्रांतातला, डोंगर आणि समुद्र यांच्यामधला हा ग्रामीण प्रदेश दीर्घायुषी माणसांसाठी प्रसिद्ध आहे. आहारशास्त्रज्ञ अँसेल कीज तेथल्या पियोप्पी गावी अनेक वर्षे राहिले आणि २००४ साली शंभराव्या वर्षी वारले, त्यामुळे चर्चा बहुधा ऑलिव्ह तेल आणि मासळीपाशीच थांबते.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मात्र या माणसांच्या मनाकडे पाहिले. त्यातले एक प्रमुख संशोधक डॉ. दिलीप जेस्ते हे पुण्यात डॉक्टर झालेले, पुढे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्षपद भूषवलेले आपलेच मराठी गृहस्थ. ९० ते १०१ वर्षे वयाची २९ माणसे आणि त्यांच्याच घरातली ५१ ते ७५ वर्षांची ५१ माणसे यांची तुलना केली, तेव्हा शरीराने अर्थातच वृद्ध मागे होते. मानसिक स्वास्थ्यात मात्र ते आपल्या मुलाबाळांच्या पुढे होते. मुलाखतींतून आशावाद, कष्टाची सवय, कुटुंब, देव आणि जमीन यांच्याशी असलेले घट्ट नाते दिसले, आणि त्याबरोबरच, घरच्यांच्या सांगण्यानुसार, हुकमत गाजवण्याची वृत्ती आणि कमालीचा हट्टीपणाही.

मला हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. लवचीक मन म्हणजे सदैव शांत, समजूतदार माणूस असे आपण गृहीत धरतो. येथे तर जे बदलता येत नाही ते दुःख पचवणारी आणि जे आपल्या हाती आहे ते तसूभरही न सोडणारी माणसे भेटतात. काकांच्या पश्चात काकू आठवड्याभरात पुन्हा भाजीच्या वाफ्यांत उतरल्या, तेव्हा तुला तो कोरडेपणा वाटला होता. मला तेव्हाही तसे वाटले नव्हते.

अर्थात २९ माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही. शिवाय जी खचली आणि लवकर गेली त्यांना विचारायला कोणीच जाऊ शकत नाही, त्यामुळे कणखरपणाने आयुष्य वाढले की दीर्घ आयुष्याने माणूस कणखर झाला, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. गावच्या हवेचे गोडवे गाणाऱ्यांनी दवाखाना किती दूर आहे हेही सांगायला हवे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, त्यांना सदनिकेत आणण्याआधी तेथेच न्हाणीघरात धरायला कठडा बसव, शेजारच्या वहिनींना रोज एक फेरी मारायला सांग आणि परसाचा कारभार काकूंकडेच राहू दे. ठाण्याला त्यांना सगळे आयते मिळेल. हुकूम सोडायला मात्र तूच एकटा सापडशील.

तुझा,
माधव