त्या छायाचित्राखालची ओळ

महोदय,

रविवारच्या पुरवणीत पोलंडमधल्या काझिमिएश दोल्नी या गावावरचा प्रवासलेख वाचला. लेख छान उतरला आहे. व्हिस्टुला नदी, चित्रकारांचा राबता, बाजारचौकातली नक्षीदार जुनी घरे, बेकरीत मिळणारा कोंबड्याच्या आकाराचा पाव, सगळे पुन्हा डोळ्यांपुढे आले. 'पुन्हा' म्हणतो, कारण गेल्या ऑक्टोबरात मीही त्या गावात दोन दिवस राहून आलो. मुलगी-जावई वॉर्सात असतात, त्यांच्याबरोबर गेलो होतो. तेव्हा लेखाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तिसऱ्या छायाचित्राखालच्या ओळीबद्दल. 'गावाबाहेरच्या झाडीतील कलात्मक दगडी भिंत' असे तिथे छापले आहे.

ती भिंत थडग्यांच्या दगडांची आहे.

चेर्न्याव्ही नावाच्या भागात टेकडीच्या उतारावर ज्यूंची दफनभूमी आहे, १८५१ सालची. दुसऱ्या महायुद्धापूर्वी या गावात जवळपास निम्मी वस्ती ज्यूंची होती. चौकातली दुकाने, कारागिरी, नदीवरचा व्यापार यांत ते होते. जर्मन आले, १९४० साली गावातच घेट्टो, म्हणजे ज्यूंना डांबून ठेवायची वस्ती, झाला. फ्रान्सिस्कन साधूंच्या मठात गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ठाण मांडले. मठासमोरच्या अंगणात चिखल होई म्हणून म्हणा किंवा निव्वळ अपमान करायचा म्हणून म्हणा, दफनभूमीतले दगड उपटून आणून तिथे फरशीसारखे बसवले. हे काम करायला लावले ते ज्यूंनाच. ज्यांचे आजोबा-पणजोबा त्या दगडांखाली होते, त्यांनीच ते दगड उचलून आणायचे आणि बुटांखाली अंथरायचे. मार्च १९४२ मध्ये उरलेल्यांना गावातून हाकलून आधी जवळच्या ओपोले लुबेल्स्क्ये इथे आणि मग बेउझेत्सच्या मृत्युछावणीत नेले. बेउझेत्सहून जिवंत परतलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिथे मारल्या गेलेल्यांचा आकडा चार लाखांच्या वर जातो.

युद्धानंतर ते दगड अंगणातून काढले. बहुतेकांचे तुकडे झालेले. कोणता दगड कोणत्या जागेवरचा, हे सांगायला गावात कोणी उरले नव्हते. मग १९८४ साली तादेउश आउगुस्तिनेक या वास्तुरचनाकाराने त्या सुमारे सहाशे तुकड्यांची एक उंच भिंत रचली आणि तिला वरपासून खालपर्यंत वेडीवाकडी भेग ठेवली. आपल्या छायाचित्रात मधोमध काळी रेघ दिसते, ती हीच. माणूस सहज आत जाईल एवढी ती रुंद आहे. आम्ही त्यातून पलीकडे गेलो. मागे झाडांमध्ये थोडी थडगी अजून उभी आहेत, कललेली, शेवाळलेली. पायाखाली ओला पाला. मुलीने मोबाइल काढला आणि फोटो न काढताच परत खिशात ठेवला.

भिंतीजवळ गेल्यावर दगड वाचता येतात, हिब्रू येत नसले तरी. जोडलेले दोन पंजे दिसले की तो कोहेन, म्हणजे पुरोहिताच्या कुळातला. सुरई असेल तर लेवी, म्हणजे पुरोहितांच्या मदतनीसांच्या कुळातला. मेणबत्त्यांचे झाड कोरलेले असेल तर ती बाई, कारण शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावणे हा घरातल्या बाईचा मान. मोडलेली फांदी असेल तर माणूस तरुण गेला. माझ्या डोळ्यांच्या पातळीवर एक तुकडा होता. त्यावर मेणबत्त्यांच्या झाडाची डावी बाजू शाबूत होती, उजवीकडच्या दिव्यांवरून दगड तुटला होता. खाली दीड ओळ अक्षरे. कोण्या बाईचे अर्धे नाव असेल ते. तुकड्याच्या कंगोऱ्यावर कोणीतरी बोराएवढा खडा ठेवला होता. ज्यूंमध्ये फुलांऐवजी खडा ठेवायची रीत आहे.

ही अक्षरे मला अगदीच परकी नव्हती. मी अलिबागचा. इस्राएल आळी आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू शेजाऱ्यांच्या मयतीला वडिलांबरोबर त्यांच्या कब्रस्तानात लहानपणी गेलो आहे. तिथल्या दगडांवर वर हिब्रू आणि खाली आपली मराठी असते. 'वाडकर', 'पेणकर', 'रोहेकर' अशी आडनावे त्या परक्या वळणाच्या अक्षरांखाली देवनागरीत वाचायची सवय असल्यामुळे असेल, काझिमिएशच्या त्या तुकड्यांवर हिब्रूच्या खाली मी नकळत मराठी शोधत होतो. आमच्या आळीतली माणसे कमी होत गेली ती आपल्या मर्जीने, इस्राएलला जाऊन. सणावाराला त्यांचे फोन येतात. कधी कोणी आले तर आधी कब्रस्तानात जातात, मग आमच्याकडे चहाला.

पोलंड म्हटले की आपल्याकडे कोल्हापूरजवळचे वळिवडे आठवते, तिथे युद्धकाळात हजारो पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला होता. त्याचा अभिमान आपण बाळगतो, बाळगावाच. पण त्याच पोलंडमध्ये तीसेक लाख ज्यू मारले गेले, हे आपल्या वाचनात फारसे येत नाही. आपल्याकडे अजून कडक हेडमास्तरांना कौतुकाने 'हिटलर' म्हणतात. तेव्हा एका उपसंपादकाला ती भिंत कलात्मक वाटली, यात मला फार नवल वाटले नाही. (ती सुंदर आहे, हेही खरे. माझी पंचाईत तीच झाली.)

लेखात राजा काझिमिएश आणि त्याची ज्यू प्रेयसी एस्तेर्का यांची दंतकथा चांगली दोन परिच्छेद आली आहे. 'जुन्या सिनेमागृहाची दगडी इमारत' असाही उल्लेख आहे. ती इमारत मुळात अठराव्या शतकातले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर. युद्धात तिची वाताहत झाली, १९५० च्या दशकात ती पुन्हा उभारून तिथे सिनेमा चालवला, आणि २००३ साली ती ज्यू समाजाला परत मिळाली. म्हणजे लेखकमहाशय दंतकथेतल्या ज्यू मुलीपाशी थांबले, सिनेगॉगपाशी थांबले, स्मारकापाशीही थांबले, आणि 'ज्यू' हा शब्द लेखात फक्त एस्तेर्कासाठी आला. हेतू वाईट नसणार. एवढ्या निसर्गरम्य गावात कोण तो विषय काढणार, असे झाले असेल.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती. जागेची अडचण मला कळते, म्हणून मजकूरही मीच देतो: 'गेल्या रविवारच्या पुरवणीतील पृष्ठ तीनवरच्या छायाचित्रातील भिंत काझिमिएश दोल्नी येथील ज्यू दफनभूमीच्या थडग्यांच्या तुकड्यांतून उभारलेले, नाझींनी मारलेल्या गावातील ज्यूंचे स्मारक आहे.'

आपला,
एक जुना वाचक,
अलिबाग