सिसिफसची उतरण गाळू नका

महोदय,

रोज विरार-चर्चगेट करणाऱ्याला 'सिसिफस' म्हणण्याची आपल्या लेखांत सवयच झाली आहे. सिसिफस म्हणजे ग्रीक पुराणकथेतला शापित राजा: धोंडा डोंगरावर ढकलायचा, तो घरंगळला की पुन्हा ढकलायचा, कायमचं. उपमा चुकीची नाही. फ्रेंच लेखक आल्बेर कामूने स्वतःच सिसिफसवरच्या १९४२च्या निबंधात ट्राम, चार तास काम, जेवण, पुन्हा ट्राम असा क्रम मांडला आहे. पण आपण धोंडा ढकलण्यापाशीच थांबतो. कामूचं लक्ष उतरणीवर आहे. धोंडा घरंगळत पायथ्याशी गेलेला, आणि सिसिफस रिकाम्या हातांनी खाली चालत येतोय. त्या वेळी त्याला सगळं ठाऊक असतं, म्हणूनच तो धोंड्याहून वरचढ ठरतो. ही उतरण गाळली की उरतो नुसता घाण्याचा बैल. आणि बैलाला 'कशासाठी?' हा प्रश्न पडत नाही.

अशा तत्त्वज्ञांच्या भाषांतरात तर याहून मोठा घोळ होतो. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्डने १८४४ साली ज्या अस्वस्थतेला स्वातंत्र्याची भोवळ म्हटलं, तिला 'काळजी' म्हणून चालणार नाही. काळजी कशाची तरी असते: भाड्याची, निकालाची. भोवळ खोल दरीत डोकावताना येते, आणि ती जितकी दरीत, तितकीच पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने १९४३ मध्ये हीच प्रतिमा पुढे नेली: कड्यावरून पडण्याची भीती वेगळी आणि आपण स्वतःच उडी टाकू शकतो ही जाणीव वेगळी. पहिलीला कठडा पुरतो, दुसरीला पुरत नाही.

अनुवादकांना कळकळीची विनंती, 'भोवळ' हा घरातला शब्दच ठेवा. 'अस्तित्वगत चिंता' लिहिलं की कडाही जातो आणि दरीही.

– एक वाचक, विलेपार्ले, मुंबई