कॅम्पात मैदान कुठंय?

महोदय,

‘कॅम्पात जाऊन येतो’ म्हणून पुण्यातल्या पेठेतला माणूस निघाला, की येताना श्रूजबेरी बिस्किटं तरी आणतो, नाहीतर कपडे तरी. तिथे एके काळी फौजेचा तळ पडला होता, हे त्याच्या गावीही नसतं. खडकीच्या १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांनी शहराच्या पूर्वेला छावणी वसवली. जुनी मंडळी अजून त्या भागाला ‘लष्कर’च म्हणतात.

‘कॅम्प’चा मूळ शब्द मात्र लष्करी नाही. लॅटिनमध्ये ‘कॅम्पस’ म्हणजे मोकळं मैदान. रोममध्ये टायबर नदीकाठी युद्धदेव मार्सच्या नावाचं असंच मैदान होतं. तिथे तरुणांची कवायत चाले. पुढे फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘कॅम्प’ आला तो फौजेचा तळ होऊन. मैदानात लढणारा तो चॅम्पियन. फौज मैदानात उतरली की कॅम्पेन, जी हल्ली रिक्षावर भोंगा बांधूनही करता येते! फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांताचं, आणि पर्यायाने तिथल्या वाइनचं नावही याच कुळातलं.

रक्तदानाचा कॅम्प, समर कॅम्प हे सगळे नंतरचे. ‘कॅम्पस’ कॉलेजच्या आवारासाठी प्रथम रूढ झाला तो अठराव्या शतकात, अमेरिकेत प्रिन्स्टनला. आपल्याकडे आता तीन मजले आणि दुचाकी लावायला बोळ, एवढ्यालाही ‘भव्य कॅम्पस’ म्हणतात. प्रवेशाच्या जाहिरातीत मैदान किती चौरस मीटर, तेवढं छापायला लावा.

— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे