झिरो वायरमनची नेमणूक कोणाच्या सहीने? मा. ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

खेड्यात डीपीचा फ्यूज उडाला की लोक झिरो वायरमनला फोन करतात. लाइनमनकडे चार-पाच गावं असतात, मग तोही यालाच सांगतो. खांबावर चढायचं, तुटलेला जंप (दोन तारा जोडणारा तुकडा) बांधायचा, फ्यूज घालायचा, सगळं हाच पोरगा करतो. त्याचं नाव वीज कंपनीच्या हजेरीपटावर नाही, ठेकेदाराच्याही नाही. तारतंत्री (वायरमनचा) परवाना नाही. शेतकरी हातावर ठेवतील ते पैसे.

मी परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक आहे. आमच्या धंद्यात अनुज्ञापक मंडळाच्या, म्हणजे विजेच्या कामाचे परवाने देणाऱ्या मंडळाच्या, कागदाशिवाय घरातलं वायरिंगही करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे सुरक्षा नियम तर स्पष्ट सांगतात, की वाहिनीवर काम करणारा माणूस सक्षम हवा, त्याला रीतसर नेमलेलं हवं आणि त्याची नोंद हवी. ही नेमणूक करणारा अधिकारी कागदावर आहे. गावात मात्र ती लाइनमनच्या एका फोनवर होते.

साहेब, जीव जातो तो लाइन क्लिअरच्या, म्हणजे कामासाठी वाहिनी बंद करून मिळण्याच्या परवानगीच्या, घोळात. उपकेंद्रातला ऑपरेटर ११ केव्ही फीडर (गावांकडे जाणारी उच्चदाब वाहिनी) बंद करतो तो नोंद असलेल्या कर्मचाऱ्याच्या मागणीवरून. झिरो वायरमनला स्वतः लाइन क्लिअर मागता येत नाही. खांबावर तो, फोनवर लाइनमन, उपकेंद्रात ऑपरेटर. काम झालं का, पोरगा उतरला का, हे मधल्या माणसाने अंदाजाने सांगायचं. एकाच खांबावर दोन फीडर असतील, तर बंद केलेला कोणता, हेही वर चढलेल्याला नक्की माहीत नसतं. डिस्चार्ज रॉड (तारेत उरलेली वीज जमिनीत सोडायची काठी) आणि हातमोजे त्याला कोणी दिलेलेच नसतात. मग वीज कायद्याच्या कलम १६१ खाली अपघाताची चौकशी होते, तो ‘अनधिकृत’ ठरतो, आणि त्याला वर कोणी चढवलं याचा कागद घरच्यांच्या हाती नसतो.

या पोरांना हाकलून द्या, असं मी म्हणत नाही. त्यांच्या हातात कसब आहे. अनुज्ञापक मंडळाने तालुक्याच्या आयटीआयमध्ये त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी, उत्तीर्ण होतील त्यांना परवाना द्यावा. शासनाने २०१६ मध्ये ग्राम विद्युत व्यवस्थापक नेमायचं ठरवलंच होतं. लहान ग्रामपंचायती, आयटीआय झालेला गावातलाच तरुण, अशी ती कल्पना होती आणि चांगली होती. आमच्या भागात तिचा मागमूस नाही. ती पुन्हा हाती घ्या, पण नेमणूक पत्र, विमा आणि सुरक्षा साहित्य वीज कंपनीच्या नावाने द्या, म्हणजे जबाबदारी ग्रामपंचायत आणि कंपनी यांच्यात लोंबकळणार नाही.

आणि तोवर एक आदेश तातडीने काढा. लाइन क्लिअरच्या नोंदवहीत प्रत्यक्ष खांबावर चढणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय फीडर बंद करून द्यायचा नाही, आणि तो खाली उतरल्याचं त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय चालू करायचा नाही.

आपला,
एक विद्युत पर्यवेक्षक