राउटरच्या आधी जोडणीची माहिती हातात हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

केबलचालकाकडून घरी इंटरनेट घेणाऱ्या नाशिककर कुटुंबांची वायफायचा राउटर विकत घेताना जी फसगत होते, तिच्याकडे आपल्या दैनिकाद्वारे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी इलेक्ट्रॉनिक्सची निदेशक म्हणून अनेक वर्षे काम केले, त्यामुळे शेजारीपाजारी आणि नात्यातली मंडळी राउटर घरी आणल्यावर मला बोलावतात. खरेदीच्या आधी विचारणारे फार थोडे असतात, आणि माझा सारा आग्रह त्या आधीच्या विचारपुशीबद्दल आहे.

सिडकोतील आमच्या परिचयाच्या एका काकूंनी नातवाच्या अभ्यासासाठी राउटर आणला. डब्यावर ‘ब्रॉडबँड’ असे ठळक लिहिलेले होते आणि दुकानदारानेही सगळीकडे चालेल असे सांगितले होते. मी पाहिले तर मागच्या बाजूला टेलिफोनची पिन बसेल असे बारीक पोर्ट, म्हणजे वायर खोचण्याचे तोंड, होते, आणि केबलवाल्याची लॅन वायर, म्हणजे संगणक जोडतात ती चौकोनी पिनेची वायर, ज्यात बसवायची ते बाहेरचे नेट आत घेणारे ‘वॅन’ नावाचे पोर्ट मात्र नव्हते. तो राउटर टेलिफोनच्या तारेवरून, म्हणजे डीएसएल पद्धतीने येणाऱ्या इंटरनेटसाठी बनवलेला होता. अशा काही राउटरमध्ये लॅनचे, म्हणजे घरातली यंत्रे जोडण्याचे, एक पोर्ट सेटिंग बदलून वॅन म्हणून वापरता येते, परंतु या राउटरमध्ये तशी सोय नव्हती. उघडलेला डबा दुकानदाराने परत घेतला नाही. काकूंना दोन्ही पोर्टांतला फरक माहीत नसणे स्वाभाविक आहे. तुमच्या घरात कोणती वायर येते, एवढा एक प्रश्न दुकानात कोणीतरी विचारायला हवा होता.

‘केबलचे नेट’ असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यात निदान तीन निरनिराळ्या जोडण्या येतात. टीव्हीची जाड गोल केबल, म्हणजे कोॲक्सियल केबल, हीच इंटरनेटही आणत असेल तर तिच्या टोकाला डॉक्सिस पद्धतीचा, म्हणजे टीव्हीच्या केबलवरून येणारे इंटरनेट वेगळे काढून देणारा, केबल मॉडेम लागतो आणि राउटर त्या मॉडेमच्या पुढे जोडायचा असतो. मॉडेमची जागा साधा राउटर घेऊ शकत नाही. दुसऱ्या प्रकारात केबलचालक ऑप्टिकल फायबर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत किंवा इमारतीच्या गच्चीवरील पेटीपर्यंत आणतो आणि तिथून घरात लॅन वायर सोडतो; इथे वॅन पोर्ट असलेला राउटर तेवढा पुरतो. तिसऱ्या प्रकारात फायबर थेट घरात येते आणि तिच्या टोकाला ओएनटी नावाचा डबा बसवतात. त्या डब्यातच पुष्कळदा वायफाय असते, त्यामुळे लहान घराला वेगळा राउटर घेण्याची गरजही नसते. ही गोष्ट ग्राहकाला कोणी सांगत नाही, याचे मला वाईट वाटते, कारण पाच-सहा हजारांचा राउटर घेऊन नंतर हे कळणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

वायर ओळखली तरी काम संपत नाही. बऱ्याच जोडण्यांवर नाव आणि पासवर्ड घालून, पीपीपीओई पद्धतीने, राउटरला केबलचालकाच्या यंत्रणेत प्रवेश घ्यावा लागतो. काही केबलचालक याखेरीज पहिल्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा क्रमांक, आपल्याकडे ‘बाइंड’ करून, म्हणजे जोडणी त्याच यंत्राशी बांधून, ठेवतात. मग नवा राउटर कितीही चांगला असला तरी नेट सुरू होत नाही आणि घरच्यांना राउटरच खराब निघाला असे वाटते. बहुतेक राउटरमध्ये जुना मॅक पत्ता उतरवून घेण्याची, म्हणजे ‘मॅक क्लोन’ची सोय असते, किंवा केबलचालकाला नवा क्रमांक कळवला की तो नोंद बदलू शकतो. माझ्या स्वतःच्या घरी राउटर बदलताना केबलचालकाच्या माणसाने पासवर्ड माझ्या हाती देण्यास नकार दिला आणि त्याला वेळ मिळेपर्यंत आम्ही तीन दिवस बिनानेटचे बसलो. ज्या जोडणीचे पैसे मी दरमहा भरते, तिचा पासवर्ड मलाच ठाऊक असू नये, हे मला मुळीच पटत नाही.

आता डब्यावरील आकड्यांविषयी. ‘एसी १२००’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील, म्हणजे वायफायच्या लहरींच्या एका ठराविक टप्प्यातील, ३०० आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ८६७ मेगाबिट अशा दोन कमाल वेगांची बेरीज करून पुढे गोल केलेला आकडा. एक मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर चालतो, त्यामुळे १२०० हा वेग कोणाच्याही हाती पडत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट डब्याच्या मागे बारीक अक्षरांत असते. पुष्कळ स्वस्त राउटरची वॅन पोर्टे १०/१०० प्रकारची, म्हणजे कमाल १०० मेगाबिटची, असतात आणि त्यांतून सेकंदाला सुमारे ९५ मेगाबिटपेक्षा जास्त काही आत येत नाही. ज्याचा प्लॅन ४० किंवा ५० मेगाबिटचा आहे त्याला याने काही बिघडत नाही, त्याने महागड्या राउटरचा मोह सोडावा. पण १५० किंवा २०० मेगाबिटचा प्लॅन घेऊन असे पोर्ट असलेला राउटर वापरणारा ग्राहक दर महिन्याला न मिळणाऱ्या वेगाचे पैसे भरत राहतो. त्याला गिगाबिट, म्हणजे हजार मेगाबिटचे, पोर्टच हवे. वेग मोजताना आणखी एक घोटाळा होतो. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल उतरवताना दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये असतो (आठ बिटांचा एक बाइट), म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर साडेबाराच्या आसपास आकडा दिसला तर कोणी लुबाडले असे समजू नये.

रेंजचा प्रश्न घरागणिक बदलतो, आणि नाशकात तर तो फारच ठळकपणे दिसतो. माझे माहेर जुन्या नाशकातल्या वाड्यात आहे. दोन हात रुंदीच्या दगडी भिंती, ओसरी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर. माझ्या दादाने सहा अँटेनांचा राउटर आणून ओसरीवर लावला आणि माजघरात रेंज येईना, तेव्हा आठ अँटेनांचा आणावा का, असे मला विचारले. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असली तरी जाड भिंतीत फार लवकर विरते, २.४ गिगाहर्ट्झची त्यामानाने पुढे जाते, पण दोन दगडी भिंतींपुढे तिचाही निभाव लागत नाही. अँटेना वाढवून यात विशेष फरक पडत नाही, कारण राउटरचा आवाज मोबाइलपर्यंत पोचला तरी मोबाइलचे क्षीण उत्तर राउटरपर्यंत परत पोचावे लागते, आणि मोबाइल तर तोच राहतो. आम्ही शेवटी ओसरीपासून माजघरापर्यंत पंधरा मीटर लॅन केबल भिंतीच्या कडेने नेली आणि माळ्यावर पडलेला जुना राउटर, त्याची डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या मोबाइलांना पत्ते वाटण्याची सोय, बंद करून आणि त्याला वेगळा पत्ता देऊन, लॅन पोर्टातून तिथे जोडला. चांगल्या लॅन केबलमधून शंभर मीटरपर्यंत गिगाबिट वेग जातो, म्हणून वाड्यात केबलवर केलेला खर्च अँटेनांवरील खर्चापेक्षा कधीही सार्थकी लागतो.

सिडकोतल्या एकमेकींना चिकटलेल्या घरांत याच्या उलट स्थिती असते. तिथे रेंज भरपूर असते, पण मोबाइलवर वायफायची यादी उघडली तर वीस-पंचवीस नावे दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्याचे छोटे भाग, तीनच धरले जातात, १, ६ आणि ११. त्यांवर सगळी गल्ली बोलत असते, आणि संध्याकाळी एकाची मालिका नि दुसऱ्याचा ऑनलाइन क्लास अडखळू लागतो. अशा ठिकाणी दोन्ही पट्ट्यांचा, म्हणजे ड्युअल बँड राउटर घेणे खरोखर फायद्याचे असते, कारण वाड्यात जो दोष ठरतो तो ५ गिगाहर्ट्झचा भिंतीपाशी थांबण्याचा गुण इथे शेजाऱ्याची गर्दी बाहेर ठेवतो. आपल्या देशात या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये परवानामुक्त झाला, त्यामुळे त्यात मोकळी जागाही बरीच आहे. तरीही घरातला जुना मोबाइल फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखत असेल, तर त्याला या सुधारणेचा लाभ मिळणार नाही, हे आधी पाहून घ्यावे.

वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की गच्चीवरून लोंबत आलेल्या तांब्याच्या लॅन वायरीतून विजेचा झटका येऊन वॅन पोर्ट जळते. त्या काळात बाहेरून येणारी वायर काढून ठेवावी. विजेचे बटण बंद केले तरी ती वायर जोडलेलीच असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सुरक्षिततेबाबत एवढेच लिहिते की डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ही वायफाय कुलूपबंद ठेवण्याची पद्धत नसलेला राउटर, मग तो कोणी फुकट दिला तरी, घेऊ नये, आणि राउटरच्या सेटिंगचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

शहरातील केबलचालकांना माझी विनंती आहे की, जोडणी देताना पावतीच्या मागे त्यांनी चार गोष्टी लिहून द्याव्यात: घरात येणारी वायर कोणती आहे, प्लॅनचा वेग किती आहे, पीपीपीओईचे नाव व पासवर्ड काय आहे, आणि मॅक पत्ता बाइंड केलेला आहे की नाही. दुकानदारांनीही ही पावती पाहिल्याशिवाय राउटर दाखवू नये. आपल्या दैनिकाच्या नाशिक आवृत्तीत या चार मुद्द्यांची एक लहान चौकट जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या सुमारास छापता आली, तर ती कापून दुकानात नेणारे वाचक नक्कीच निघतील. त्या चौकटीचा मजकूर तयार करून देण्यास मी आनंदाने तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त निदेशक,
इंदिरानगर, नाशिक